पिंजऱ्यातला शेजार



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांमध्ये एका भगिनींचे चार पानी पत्र होते. त्यांचे सासरे ८२ वर्षांचे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांचे बाहेर फिरणे थांबले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी मात्र उत्तम राहिली आहे. घरातील मंडळी सकाळी आपापल्या कामाला जातात, दुपारी काही तास मदतनीस बाई येतात, एरवी मामंजी एकटेच. सहा महिन्यांपूर्वी नातवाने त्यांच्या वाढदिवसाला झेब्रा फिंच पक्ष्यांची एक जोडी आणून दिली आणि घराचे वातावरण पालटले. मामंजी आता सकाळी आपणहून उठतात, दाणापाणी पाहतात आणि संध्याकाळी मंडळी परतली की पिंजऱ्यातील दिवसभराच्या हकिगती ऐकवतात. आता त्यांना त्याच पिंजऱ्यात आणखी रंगीत पक्षी हवे आहेत. लहानपणी त्यांच्या मामाच्या वाड्यात लाल मुनियांचा पिंजरा टांगलेला असे. तशा मुनिया मिळाल्या तर सोन्याहून पिवळे. दुकानदार सांगतो की हे सारे छोटे पक्षी एकत्र गुण्यागोविंदाने राहतात. तर आणावेत का, आणि आणायचे तर कोणते, असे भगिनींनी विचारले आहे.

दुकानदाराचे हे वाक्य मी स्वतःही एकदा ऐकले आहे, आणि त्यावर विश्वासही ठेवला आहे.

बरीच वर्षे झाली. माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, परंतु पुढील काही महिने पलंग आणि पलंगाशेजारची खुर्ची एवढेच त्यांचे जग झाले. मन रमावे म्हणून मी झेब्रा फिंचची जोडी आणली आणि पडल्यापडल्या नजर जाईल अशा उंचीवर पिंजरा लावला. दोन आठवडे अतिशय आनंदात गेले. मग पिंजरा थोडा रिकामा वाटतो म्हणून मी आणखी दोन पक्षी आणले. आपल्याकडे दुकानात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते, म्हणजे खरे तर बजरीगर. हिरवे-पिवळे, बाकदार चोचीचे. चार दिवस काही घडले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून परतले तेव्हा सासूबाईंचा आवाज बसलेला होता. दुपारी एकच्या सुमारास बजरीगराने फिंच मादीचा पाय चोचीत धरला होता. सासूबाई पलंगावरून हाका मारत राहिल्या, हातातील जपमाळ पिंजऱ्यावर फेकून पाहिली. ती पोहोचली नाही. पाय मोडलेली मादी चार तास तळाशी पडून होती आणि सासूबाई चार तास तिच्याकडे पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी ती मेली. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला पिंजरा भिंतीकडे वळवून ठेवायला लावला.

बजरीगर दुष्ट नव्हता. त्याची चोच फोडण्यासाठी, धरण्यासाठी आणि चढण्यासाठी बनलेली असते, आणि फिंचचा पाय आगकाडीहूनही बारीक असतो. चूक माझी होती. तीस वर्षे रुग्ण पाहिलेल्या माझ्या ध्यानात एवढी साधी गोष्ट आली नाही की ज्या माणसाला उठता येत नाही, त्याला पिंजऱ्यातील खेळ जसा दिवसभर पाहावा लागतो तसे भांडणही दिवसभर पाहावे लागते. तुम्हीआम्ही स्वयंपाकघरात निघून जाऊ शकतो. म्हणून ज्येष्ठांच्या घरात पक्षी एकत्र ठेवताना रंगांची निवड शेवटी करावी, स्वभावांची आधी.

पक्ष्यांच्या सोबतीने वृद्धांना बरे वाटते हे केवळ आपल्या घरातले निरीक्षण नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात न्यू बर्लिन नावाच्या छोट्या गावी चेज मेमोरियल हा वृद्धशुश्रूषागृह होता. १९९१ साली तेथे आलेल्या बिल थॉमस या तरुण डॉक्टरांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर लहान पोपट असा सारा लवाजमा एकदम आणला. पक्षी आधी पोहोचले, पिंजरे नंतर, त्यामुळे काही काळ केशरचनेच्या खोलीत पक्षीच पक्षी झाले. पुढील दोन वर्षांत शेजारच्या दुसऱ्या वृद्धगृहाशी तुलना केली तेव्हा येथील औषधांची चिठ्ठी निम्म्यावर आली होती आणि मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले होते. ही हकिगत अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ सालच्या पुस्तकात विस्ताराने सांगितली आहे. गावंडे यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, आणि त्याच पुस्तकात शंभरी पार केलेल्या त्यांच्या आजोबांच्या म्हातारपणाचेही चित्र आहे. चेज मेमोरियलमध्ये पक्ष्यांबरोबर झाडे आली, मुले येऊ लागली, कर्मचाऱ्यांची वागणूक बदलली. तेव्हा सारे श्रेय पक्ष्यांना देणे योग्य नाही. तरी आपल्यावर अवलंबून असलेला एक जीव समोर आहे, ही भावना माणसाला अंथरुणातून उठवते, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. मामंजींचे सकाळी आपणहून उठणे त्यातलेच.

फिंच हा पक्षी ज्येष्ठांना विशेष मानवतो, कारण तो पाहण्याचा पक्षी आहे, हाताळण्याचा नाही. पोपटाला खांद्यावर बसायचे असते, बोलायचे असते, लक्ष दिले नाही तर तो रुसतो. फिंचला माणसाची गरज दाणापाण्यापुरती. त्याचे सारे मन त्याच्या जोडीदारात. त्यामुळे थरथरत्या हातांनी पक्षी धरण्याचा प्रसंगच येत नाही. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कोरड्या गवताळ प्रदेशातला. वजन जेमतेम १२ ग्रॅम. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळेपांढरे पट्टे; मादी राखाडी आणि साधी. गातो फक्त नर, आणि ते गाणे तो पिलू असताना बापाकडून ऐकून ऐकून शिकतो. बाळ बोबडे बोलत बोलत भाषा शिकते तसाच हा प्रकार असल्याने भाषाशिक्षणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या चिमुकल्या पक्ष्यामागे अनेक दशके लागले आहेत. एरवीचा त्याचा आवाज म्हणजे जत्रेतील पिपाणीचा. सासूबाई त्याला ‘पिपाणीवाला’ म्हणत.

आता शेजाऱ्यांकडे वळू.

ज्यांची चोच बाकदार, ते सारे वगळावेत. बजरीगर, खरे लव्हबर्ड, कॉकाटील, कोणताही पोपट. पिंजरा कितीही मोठा असला तरी घरगुती पिंजऱ्यात हा शेजार फिंचला मानवत नाही. कॅनरी सरळ चोचीचा आणि दाणे खाणाराच, परंतु तो एकटा राहणे पसंत करतो. विणीच्या काळात कॅनरी नर आपल्या हद्दीत दुसऱ्याला सहन करत नाही, आणि उलट झेब्रा फिंच घरट्यासाठी कॅनरीची पिसे उपटतात असेही होते. त्याला त्याचा वेगळा पिंजरा द्यावा.

फिंचांमध्येही सारे सारखे नसतात. झेब्रा फिंच आकाराने लहान, पण वृत्तीने चाळीतल्या जुन्या भाडेकरूसारखा: दांडी माझी, वाटी माझी, कोपरा माझा. आपल्याच जातीच्या दुसऱ्या जोडीशी तो छोट्या जागेत हमखास भांडतो. दोन नर आणि एक मादी असा हिशेब तर कधीही करू नये. गोल्डियन फिंच हा रंगांचा राजा; जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४४ साली आपल्या दिवंगत पत्नीच्या, एलिझाबेथच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले. तो शांत आणि काहीसा भिडस्त आहे. थंडी, दगदग आणि गर्दी त्याला सोसत नाही. झेब्रा फिंच त्याला दाण्याच्या वाटीपासून हुसकावतो आणि तो बिचारा उपाशी बसतो. किंमतही बरीच. पहिल्याच खेपेस ज्येष्ठांच्या घरात हा पक्षी आणू नये असे मी सांगेन; त्याच्या मृत्यूने घरात जी हळहळ होते ती पैशांची नसते.

कटथ्रोट फिंच हा आफ्रिकेतला, नराच्या गळ्यावर लाल पट्टा असलेला पक्षी दिसायला देखणा, पण लहान पक्ष्यांवर दादागिरी करणारा, त्यांच्या घरट्यांत शिरणारा. जावा चिमणी शरीराने झेब्राच्या दुप्पट, चोच दणकट. मोठ्या पक्षिगृहात ती निभावते, घरातल्या पिंजऱ्यात नाही. शिवाय जावा आणि बाली या मायभूमीत पकडापकडीमुळे तिची संख्या इतकी घटली आहे की ती आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत आहे, आणि अशा परदेशी जातींची आपल्याकडे शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती जबाबदारी घ्यायची नसेल तर त्या वाटेला न गेलेले बरे.

मग राहतो तो बंगाली फिंच, ज्याला सोसायटी फिंच असेही म्हणतात. पिंजऱ्यातला याहून चांगला शेजारी मला माहीत नाही. तपकिरी-पांढरा, कधी बदामी ठिपक्यांचा, दिसायला अगदी साधा. सगळे मिळून एका दांडीवर चिकटून बसतील, रात्री एकाच घरट्यात एकमेकांच्या अंगावर झोपतील. कोणी टोचले तर बाजूला सरकतील. इतर जातीच्या फिंचांची टाकून दिलेली अंडी उबवून पिले वाढवण्यासाठी पक्षिपालक यांनाच दाई म्हणून ठेवतात. नर-मादी सारखेच दिसतात, फक्त नर गातो. म्हणून दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले दोन्ही नर निघाले तरी या जातीत सहसा बिघडत नाही.

आणि येथेच मामंजींच्या मुनियांचा प्रश्न येतो.

त्यांच्या मामाच्या वाड्यात मुनिया होत्या तेव्हा आजचा कायदा नव्हता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या सुधारणा यांमुळे आपल्या देशातील रानपक्षी पकडणे, विकणे, पाळणे हा आज गुन्हा आहे. त्यात मुनिया येते तसा आपला हिरवा कीर-पोपटही येतो. तरीही बाजारात मुनिया चोरून विकल्या जातात. साध्या मुनियांना हिरवा-गुलाबी रंग फासून ‘परदेशी’ म्हणून गळ्यात मारतात. पहिल्या आंघोळीत रंग उतरतो. रानातून जाळ्यात धरलेले हे पक्षी दुकानापर्यंत पोहोचेतो त्यांतले अनेक मेलेले असतात आणि उरलेले भेदरलेले. लाल मुनियाचे दुर्दैव जुने आहे. गुजरातेतून ती परदेशी इतकी रवाना होत असे की तिचे इंग्रजी आणि शास्त्रीय नाव ‘अमदावाद’ या शहराच्या नावाच्या अपभ्रंशातून आले.

पण मामंजींना हे नुसते ‘नाही’ म्हणून सांगू नका. बंगाली फिंच हा मुनियाचाच वंशज आहे. आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात आजही दिसणारी पांढऱ्या पाठीची मुनिया, तिचीच पूर्वेकडील भावंडे चीनमधून जपानात गेली आणि अठराव्या शतकापासून पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढून हा पाळीव पक्षी तयार झाला. रानात तो कोठेच आढळत नाही. नावात बंगाल आहे, पण बंगालशी त्याचा काही संबंध नाही. लाल रंग त्याच्यापाशी नाही, हे खरे. मात्र मुनियांची ती एका ओळीत दाटीवाटीने बसण्याची लकब, मान तिरकी करून शेजाऱ्याकडून पिसे साफ करून घेणे, हे सारे आहे. मामाच्या वाड्यातील पिंजऱ्याची आठवण करून द्यायला तेवढे पुरेल असे मला वाटते. आणि गावाकडे जाणे कधी जमलेच, तर पावसाळ्यात उंच वाढलेल्या गवताजवळ गाडी थांबवून द्या. लाल मुनियाचा नर त्याच दिवसांत खरा लाल होतो.

झेब्राची एक जोडी आणि बंगाली फिंचची एक जोडी, हे चार पक्षी एकत्र राहू शकतात. अट जागेची आहे. फिंच पोपटासारखा गजांवर चढत नाही. तो आडवा उडतो. म्हणून पिंजऱ्याची उंची निरुपयोगी, लांबी कामाची. एका जोडीला अडीच ते तीन फूट लांब, चार पक्ष्यांना किमान चार फूट, आणि दोन गजांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको. गोल, घुमटाचे, देवळासारखे पिंजरे दुकानात शोभतात, पक्ष्याला त्यात कोपरा सापडत नाही. दाण्याच्या दोन वाट्या आणि पाण्याच्या दोन वाट्या दोन टोकांना ठेवाव्यात, म्हणजे एकाने एक अडवली तरी दुसऱ्याची उपासमार होत नाही. दांड्या निरनिराळ्या जाडीच्या आणि शक्यतो झाडाच्या फांद्या असाव्यात. घरट्याची मटकी मात्र काढून ठेवावी. मटकी दिसली की झेब्रा नर पहारेकरी होतो आणि भांडण तेथूनच सुरू होते. शिवाय हा पक्षी इतका बहुप्रसव आहे की मादी अंड्यांवर अंडी घालून थकते, कधी अंडे पोटातच अडकून मरते. पिलांचा सोहळा पाहण्याची हौस सर्वांना असते. तो करायचा तर त्या जोडीला वेगळा पिंजरा द्यावा, वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच, आणि पिले कोणाकडे जाणार हे आधी ठरवून. मादीला कॅल्शियमसाठी समुद्रफेणाचा तुकडा नेहमी टांगलेला असावा.

नवे पक्षी थेट जुन्या पिंजऱ्यात सोडू नयेत. तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावेत. आजारी पक्षी आजार लपवतो. पिसे फुलवून, डोळे मिटून तळाशी बसला म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. महिनाभरात काही निघाले तर ते दुसऱ्या खोलीतच निघेल. त्यानंतर दोन्ही पिंजरे काही दिवस शेजारी ठेवावेत आणि मग सर्वांना एकाच वेळी, दांड्या-वाट्यांच्या जागा बदललेल्या पिंजऱ्यात, सकाळच्या वेळी सोडावे. जागा बदलली की झेब्राला ‘माझा कोपरा’ सापडत नाही. हे काम सुट्टीच्या दिवशी करा, घरात कोणीतरी असताना. पहिले दोन दिवस मामंजींवर पहारा टाकून निघून जाऊ नका. एकाचा सारखा पाठलाग होतो आहे, पिसे उपटली जात आहेत, कोणी वाटीपाशी फिरकतच नाही, असे दिसले तर त्याच दिवशी वेगळे करावे. ‘हळूहळू जमेल’ असे म्हणत वाट पाहू नये. त्यासाठी जुना पिंजरा मोडीत काढू नका.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण ज्येष्ठांच्या घरांतील पक्षी या एका कारणाने सर्वांत अधिक दगावताना मी पाहिले आहेत. फिंच राळ्याचा दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. दुरून पाहिले तर वाटी काठोकाठ भरलेली दिसते. आत एकही दाणा नसतो. ज्यांची नजर अधू आहे त्यांना हा फरक कळत नाही. एवढासा पक्षी उपाशीपोटी फार तर एखादा दिवस काढतो. तेव्हा रोज सकाळी फोलपटे फुंकून टाकून नवे दाणे घालणे हा नियम असू द्या, आणि फुंकणे खिडकीबाहेर, तोंड वळवून. त्याऐवजी वाटी रोज पूर्ण रिकामी करून भरली तर उत्तमच. थोडा राळा वाया जाईल, जाऊ द्यावा. आठवड्यातून दोन-तीनदा स्वच्छ धुतलेली कोथिंबीर किंवा पालकाचे पान द्यावे. पाणी रोज बदलावे, उन्हाळ्यात दोनदा, आणि दुपारी उथळ थाळीत आंघोळीला पाणी ठेवावे. चार फिंचांची आंघोळ पाहणे हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. फक्त खाली फरशीवर उडालेले पाणी लगेच पुसा. मोडलेल्या खुब्यांच्या कहाण्या मला पुरेशा ठाऊक आहेत.

याच कारणाने पिंजरा अशा उंचीवर असावा की खुर्चीत बसून वाटी बदलता येईल. स्टुलावर चढावे लागत असेल तर ती जागा चुकीची. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये: न चिकटणाऱ्या तव्यावर भांडे विसरले आणि तो अति तापला, तर त्याच्या थराच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. देवघरातील धूप, कापूर आणि डासांची कॉइल यांचा धूरही त्यांच्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही. आणि खरे सांगायचे तर तुमच्या फुप्फुसांनाही नाही.

फुप्फुसांचा विषय निघालाच आहे. पक्ष्यांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काहींना फुप्फुसांचा अतिसंवेदनशीलतेचा आजार होतो. धूळ श्वासात गेल्यावर चार-सहा तासांनी कोरडा खोकला, कणकण, धाप. किंवा नकळत महिनोन्महिने वाढत जाणारी धाप. कबुतरांच्या संदर्भात आपल्याकडे त्याची बरीच चर्चा झाली आहे. भारतातील २७ रुग्णालयांतील १,०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या ऊतींचे आजार असलेल्या त्या रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार होता. आणि त्यांतील निम्म्यांच्या आसपास लोकांच्या घरी होता हवेचा कूलर. तेव्हा फिंचवर खापर फोडण्यापूर्वी कूलरच्या बुरसटलेल्या गवताच्या जाळ्याही तपासा. फिंचची धूळ कबुतर किंवा कॉकाटीलपेक्षा कमी असते, परंतु नसतेच असे नाही. ज्यांना दमा, जुना श्वासविकार किंवा फुप्फुसांत जाळी आहे, ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांच्या घरी पक्षी आणण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. पुढे कधी लांबलेल्या खोकल्यासाठी गेलात तर घरात पक्षी आहेत हे आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही. मीही अनेकदा विचारायला विसरले आहे.

पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरावे आणि रोज बदलावे. बदलण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडले म्हणजे धूळ उडत नाही. कोरडा झाडू मारू नये. हे काम ज्येष्ठांनी करू नये. मदतनीस बाईंनी किंवा घरातील तरुणाने तोंडाला मास्क लावून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. दाणा-पाणी मात्र मामंजींकडेच राहू द्या. ते काम काढून घेतले तर बाकी सारे नुसते पाहणेच उरेल.

भगिनींनी पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारले आहे की मामंजींना काही दिवस रुग्णालयात राहावे लागले तर पक्ष्यांचे काय. हा प्रश्न आजच सोडवून ठेवा. शेजारचे कोणीतरी ठरवा, त्यांना राळ्याची बरणी आणि फोलपटांची गोष्ट दाखवून ठेवा. पक्षी नकोसे झाले म्हणून कोणी पुण्य समजून ते खिडकीतून सोडून देतात. झेब्रा किंवा बंगाली फिंचला आपल्या आकाशात अन्न शोधता येत नाही. तो संध्याकाळपर्यंत कावळ्याच्या तोंडी जातो. फिंच चांगल्या निगराणीत पाच-सात वर्षे जगतो. मामंजींच्या वयाचा विचार करता हे गणित नातवापाशी मोकळेपणाने बोलून ठेवावे, त्यात अशुभ काही नाही. माझ्या सासूबाईंच्या मागे त्यांचा नर फिंच आणि त्याची नंतर आणलेली मादी आमच्या शेजारच्या शाळकरी मुलीकडे गेली आणि तिच्याकडे तीन वर्षे राहिली.

तर असे करा. या महिन्यात फक्त चार फुटांचा पिंजरा घ्या आणि जुन्याच जोडीला त्यात राहू द्या. पुढच्या महिन्यात बंगाली फिंचची एक जोडी आणून दुसऱ्या खोलीत ठेवा. तीस दिवसांनी, एखाद्या रविवारी सकाळी, सर्वांना एकत्र सोडा. आणि कोण कोणाशेजारी बसले ते मामंजींना एका कागदावर लिहायला सांगून तो कागद मला पाठवा.